सारा भरणाऱ्याचं मत

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, जांभ्या दगडाच्या टेकाडावर पूर्णगड उभा आहे. गडाखाली मासेमारीवर जगणारी वस्ती, वरच्या अंगाला भाताची खाचरं आणि नाचणी-वरीची वरकस जमीन. 1920 साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी मतदान झालं, तेव्हा इथल्या माणसाला मत आहे की नाही हे तलाठ्याच्या दप्तरातला एक आकडा ठरवत होता.

1919 च्या सुधारणा कायद्याखालच्या नियमांनुसार इलाख्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत मतदार होण्यासाठी जमिनीचा सरकारी आकार वर्षाला किमान 32 रुपये असावा लागे. रत्नागिरी, पंचमहाल आणि अप्पर सिंध फ्रंटियर या तीन जिल्ह्यांना सवलत होती: 16 रुपये. कोकणातल्या जमिनीचे तुकडे लहान आणि वरकसाचा आकार तर आण्यांत, हे सरकारलाही ठाऊक होतं. पण 16 रुपये आकाराची जमीन तरी किती घरांकडे होती?

जमीन कसणारं कूळही नियमात बसत होतं, हे इथे सांगायला हवं. कागदावर दार उघडं होतं. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोती. सरकारात सारा भरायचा खोताने, आणि कुळाने खोताला पीक द्यायचं. कुठे अर्धेलीने, कुठे तिर्धेलीने. 1880 च्या खोती कायद्याने हे संबंध लिखित केले, तरी वेठ आणि वरकड मागण्या सुटल्या नाहीत. अख्ख्या गावाचा महसूल ज्याच्या हातून जायचा तो खोत यादीत सहज बसे. दोन-चार खाचरं कसून निम्मं भात खोताच्या अंगणात ओतणाऱ्या कुळाच्या वाट्याला 16 रुपयांचा आकार क्वचितच येई. पिकाचा वाटा देणारा मतदार नाही आणि तो घेणारा मतदार, हा अन्याय नियमातच बसवलेला होता.

समुद्रावर जाणाऱ्यांचं काय? होडी, जाळं, खलाशांचा ताफा यांची गणना कुठेच नव्हती. ग्रामीण मतदारसंघात जमीन नसेल तर प्राप्तिकर भरावा लागे, आणि तेवढं उत्पन्न मासे मारून कोणाला होतं? खाडीत नाव घालणारा माणूस कायद्याच्या लेखी नुसता रहिवासी होता. एक पळवाट मात्र होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायाला जमीन नसली तरी मत मिळे. रत्नागिरीतून मराठे आणि महार मोठ्या संख्येने पलटणीत गेलेले, त्यामुळे भूमिहीन महार पेन्शनर मतदार आणि शेजारचा कष्टाळू शेतकरी मतदार नाही, असंही घडू शके.

मुंबईला गेलेल्या चाकरमान्यालाही हाच फास होता. शहरात महिना 10 रुपये भाड्याची जागा असेल तरच मत. गिरणगावात एका खोलीत दहा-बाराजण राहत आणि खोली एकाच्याच नावावर असे. 1935 च्या कायद्याने शहरातली अट वर्षाला 60 रुपये भाड्यावर आणि जमिनीची 8 रुपये आकारावर आणली. मॅट्रिक झालेल्यांना मत मिळालं, साक्षर बाईलाही मिळालं. निरक्षर बाईला मात्र बहुधा नवऱ्याच्या मालमत्तेच्या किंवा लष्करी पेन्शनच्या आधारावरच. नवरा मुंबईत, खाचराची लावणी-कापणी तिच्या अंगावर, आणि तिचा हक्क नवऱ्याच्या नावाआड! मला या सगळ्या व्यवस्थेत हे सर्वांत जिव्हारी लागतं.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे 1928 साली प्रौढ मताधिकार मागितला. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने विधिमंडळावर धडकले. त्यातल्या अनेकांना त्या सभागृहासाठी मत देता आलं नसणार. म्हणूनच त्यांना पायी यावं लागलं, असं मला वाटतं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर रत्नागिरीतच जन्मलेले, पण विधेयक मंजूर झालं नाही.

खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, 15 मे 1950 पासून. तो कायदा करणारी विधानसभा 1946 साली निवडून आलेली, म्हणजे मालमत्तेच्या अटीवरचीच. त्यामुळे कुळांच्या मतांनी खोती संपली असं सरळ म्हणता येत नाही. तरी तोवर सगळ्या प्रौढांच्या मतदारयाद्या देशभर तयार होऊ लागल्या होत्या. पुढच्या निवडणुकीत हीच कुळं रांगेत उभी राहणार, हे त्या सभागृहातल्या प्रत्येक सदस्याला कळत होतं. 1951-52 ची ती निवडणूक आली तेव्हा अट राहिली होती ती 21 वर्षं वयाची. आकार कोणी विचारला नाही.