पहिली नांदी

आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले संगीत नाटक विसरला आहे, असा गोमंतकीय रसिक आम्हांला अजून भेटावयाचा आहे. नाटकाचे नाव त्याच्या ओठांवर चटकन येईलच असे नाही. कथानकाचे धागे तर बहुधा निसटलेलेच असतात. परंतु ते कोणत्या देवळाच्या पटांगणात झाले, आपण कोणाच्या मांडीवर बसलो होतो, गॅसबत्तीत मध्येच हवा भरावयास कोण येत असे, एवढे तो बिनचूक सांगेल. संगीत रंगभूमीविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पदांच्या चाली, नटांची गायकी, नाटक मंडळ्यांची कर्जे आणि त्यांतील भांडणे यांचा इतिहास ग्रंथांतून उपलब्ध आहे. पण ज्या एका रात्री एखादे पोर प्रथमच या कलेसमोर येते, त्या रात्रीचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. वास्तविक प्रेक्षक घडतो तो त्याच रात्री. पुढील पन्नास वर्षे तो तिकिटे काढतो, ती त्या पहिल्या रात्रीच्या व्याजापोटी.

आम्ही पाहिलेले पहिले संगीत नाटक म्हणजे 'सौभद्र'. पोर्तुगीज अमदानीची ती अखेरची वर्षे होती, आणि स्थळ होते अंत्रुज महालातील एका देवळाचा चौक. कोणतीही नामांकित कंपनी आलेली नव्हती. उत्सवानिमित्त गावातल्याच मंडळींनी तीन महिने तालमी करून नाटक बसविले होते. अर्जुनाचे काम करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या वाड्यावरचे दुकानदार. त्याच दुपारी आम्ही त्यांच्याकडून अर्धा किलो साखर उधारीवर आणली होती. सुभद्रा झाले होते मराठी शाळेचे गुरुजी. मिशी त्यांनी आदल्या दिवशी काढून टाकली होती, आणि ती पुन्हा वाढेपर्यंत वर्गातील शिस्त काही पूर्ववत झाली नाही! घटोत्कचाला तर सारा गाव एरव्ही माडावर चढताना पाहत असे.

शहरातील मुलाला पहिले नाटक पाहताना जे नवल वाटत असेल, त्याहून हे नवल निराळे. शहरात अपरिचित माणसे अपरिचित वेष घालून येतात. ती खरोखरीच राजे-राण्या असावीत असे समजावयाला काही अडचण नसते. आमच्याकडे तसे नव्हते. सफेदा आणि पिवडी यांच्या थराखाली दुकानदाराचा चेहरा आम्हांला स्पष्ट ओळखू येत होता. बोलत होता तोवर तो दुकानदारच होता. मग एका वाक्यापाशी तो थांबला, ऑर्गनवाल्याने सूर दिला, तबल्यावर थाप पडली, आणि त्या माणसाने तोंड उघडले. त्या क्षणी साखरेचे पोते, उधारीची वही, सारे काही नाहीसे झाले. बोलता बोलता हा मनुष्य गाऊ का लागला, असे आम्ही आजीला विचारलेही. "ओगी राव, आयक," एवढेच उत्तर मिळाले. संगीत नाटकाच्या समर्थनार्थ पुढे आम्ही अनेक पंडिती लेख वाचले. पण आजीच्या त्या उत्तरापेक्षा पटणारे उत्तर कोठे आढळले नाही.

त्या उत्तराची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. घरात कोंकणी, शाळेत अनेकांच्या नशिबी पोर्तुगीज, आणि देवळात, कीर्तनात व रंगमंचावर मराठी, असा आमच्या पिढीचा त्रिस्थळी संसार होता. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, तेव्हा येथील हिंदूंना शतकांनंतर मोकळा श्वास घेता आला आणि मराठी शाळा, वाचनालये व हौशी नाट्यमंडळे यांना बहर आला. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील शब्दावर सेन्सॉरची नजर आली. परंतु सुभद्रेच्या विवाहात राजद्रोह शोधणे सेन्सॉरच्या आवाक्याबाहेरचे होते. वर्तमानपत्र उघडपणे न वाचणारा माणूसही रात्रभर 'सौभद्र' उघडपणे ऐकू शकत असे. ज्यांनी मराठी गद्याचे एक पानही वाचले नव्हते अशा बायाबापड्यांनी किर्लोस्करांचे शब्द पाठ केले होते, ते या रात्रींमुळे.

त्या शब्दांना जी चाल होती, तीही त्यांच्या कानांना परकी नव्हती. हे किर्लोस्करांचे खरे शहाणपण. त्यांच्या पदांतील साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे प्रकार कीर्तनकाराच्या तोंडून प्रत्येक देवळात ऐकू येत. ज्याने रामनवमीचे कीर्तन ऐकले होते, त्याला नाटकातील साकी समजावून सांगावी लागत नसे. पात्रे एकमेकांशी या चालींत अगदी घरगुती बोलणी बोलतात; रुक्मिणी रुसते ती सुरात, आणि कृष्ण तिची समजूत घालतो तीही सुरातच. पुढे गंधर्व युगात एकेक पद म्हणजे एकेक मैफल झाली, वन्स मोअरची प्रथा बोकाळली आणि कथानक विंगेत ताटकळत उभे राहू लागले. त्या वैभवाला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र लहान मुलाने प्रथम पाहावे ते किर्लोस्करी नाटक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वतः अण्णासाहेब किर्लोस्करांच्या बाबतीतही एका पहिल्या दर्शनाची कथा सांगितली जाते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा हा मनुष्य. पुण्यात एका पारशी मंडळीचे गाण्यांनी भरलेले नाटक त्यांच्या पाहण्यात आले आणि असे मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना पछाडले, असे म्हणतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. सात अंकांपैकी पहिले चारच अंक त्या रात्री झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे. दोन वर्षांनी, १८८२ साली, 'सौभद्र' आले, आणि १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. जेमतेम पाच वर्षांत या मनुष्याने जे उभे केले, त्यावर पुढील दीड शतकाची रंगभूमी जगली.

या इमारतीला गोमंतकाने काय दिले, याची उजळणी येथील वाचकांपुढे करण्याचे कारण नाही. मंगेशीत १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ अठराव्या वर्षी बळवंत संगीत मंडळीचे भागीदार होऊन बसले होते. त्याच मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी पुढे नाट्यपदाला नवा चेहरा दिला. मोगूबाई कुर्डीकर बालवयात चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत काम करीत होत्या. त्यांचे कुर्डी गाव आता साळावलीच्या धरणात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते महिनाभर वर डोकावते. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात उभ्या राहिल्या आणि कुलीन स्त्रीने रंगमंचावर यावे की नाही हा वाद त्यांच्या गाण्यापुढे हळूहळू निष्प्रभ झाला.

येथे एक गोष्ट सांगावयास हवी, जी आमच्या आठवणींच्या लेखांतून सहसा वगळली जाते. ज्या चौकात गुरुजी मिशी काढून सुभद्रा होत होते, त्याच देवळाच्या सेवेतील घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणे शिकलेल्या स्त्रिया होत्या. गुरुजींना पदांच्या चाली कोणी शिकविल्या, हे गावात सर्वांस ठाऊक होते. त्या बाई तालमींना येत, ऑर्गनच्या शेजारी बसत आणि चुकलेली जागा पाच वेळा घोटून घेत. प्रयोगाच्या रात्री त्या बायकांच्या बाजूला, खांबाआड बसल्या होत्या. सुभद्रेचे पहिले पद संपले तेव्हा लोकांनी टाळ्या दिल्या त्या गुरुजींना, आणि आजी मात्र मागे वळून खांबाकडे पाहत होती. आम्हांला त्याचा अर्थ बऱ्याच वर्षांनी उमगला. आज अभिमानाने सांगितली जाणारी गोमंतकाची संगीतपरंपरा ज्यांच्या गळ्यांतून आली, त्यांना समाजाने स्वतःच्या अंगणातील रंगमंचावर सरळ चढू दिले नाही. मुंबईने व पुण्याने त्यांना मान दिला, आणि मग आपणही त्यांच्या नावाने सभागृहे बांधू लागलो.

१९ डिसेंबर १९६१ नंतर वाटा मोकळ्या झाल्या. धी गोवा हिंदु असोसिएशनचे 'मत्स्यगंधा' १९६४ साली आले; आशालता वाबगावकर आणि रामदास कामत हे दोघेही गोमंतकीय त्यात गाऊ लागले, आणि संगीत अभिषेकींचे. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आले. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले, त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नये. आमच्यानंतरच्या अनेकांचे पहिले संगीत नाटक यांपैकी एखादे आहे, आणि ते भाग्यवान आहेत.

त्यांच्याही नंतरच्या पिढीला विचाराल, तर पहिले संगीत नाटक म्हणून ती बहुधा एका चित्रपटाचे नाव घेते. 'कट्यार' २०१५ साली पडद्यावर आले, आणि २०२५ च्या आरंभी 'संगीत मानापमान'. चित्रपटाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांत आम्ही नाही. 'कट्यार'ने हजारो तरुणांच्या कानांवर नाट्यपद प्रथमच घातले, ही सेवा लहान नव्हे. तरीही भेद आहे, आणि तो मुळाशीच आहे. पडद्यावर ओठ एकाचे हलतात आणि गळा पुष्कळदा दुसऱ्याचा असतो. देवळाच्या चौकात दहा हातांवर बसलेल्या पोराला गाणाऱ्याच्या मानेची शीर फुगलेली दिसते, तानेच्या शेवटी दम कमी पडला तर तेही कळते, आणि तरी तो समेवर आला की सारा चौक सुटकेचा निःश्वास टाकतो. चुकण्याचे ते भय ध्वनिमुद्रित गाण्यात उरत नाही. पहिल्या रात्री आमच्या अंगावर जो काटा आला, त्यात या भयाचा मोठा वाटा होता.

म्हणूनच उत्सवातील नाटकांच्या सध्याच्या स्थितीकडे आम्ही केवळ हळहळ म्हणून पाहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक वाजविता येत नाहीत. राज्य सरकारला वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत तेवढी देता येते. बंदिस्त सभागृहे यातून वगळली आहेत. नियम योग्य आहे. किनाऱ्यावरील कर्णकर्कश मेजवान्यांनी ज्यांची झोप उडविली, त्यांना हा आधार हवाच होता. पण मेजवानीवाल्यापाशी बंद दालन बांधण्याइतका पैसा असतो; गावच्या देवस्थानापाशी तो नसतो. परिणामी नाटक तालुक्याच्या सभागृहात जाते, किंवा चौकातच राहून दोन तासांचे होते. पहिला घाव पदांवर पडतो. वेळ वाचविण्यासाठी साकी-दिंड्या गाळल्या जातात, आणि ऑर्गनऐवजी विजेची पेटी येते.

यावर सवलतीचे दिवस वाढवा, अशी मागणी करणे सोपे आहे. आम्हांला ती पुरेशी वाटत नाही. नाटक रात्री ११ ला उभे राहिले पाहिजे, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? पालखी आणि आरती आटोपून मंडळी जेवून येईपर्यंत उशीर होतो, ही सबब आहे. क्रम बदलता येतो. पडदा सातला वर जाऊ द्यावा. तीन तासांत पुरे नाटक बसत नसेल तर ते कापू नये, दोन रात्रींत विभागावे. पाच अंकांच्या 'सौभद्रा'चे तीन अंक एका रात्री आणि उरलेले दुसऱ्या रात्री झाले, तर काही बिघडत नाही. स्वतः अण्णासाहेबांनी 'शाकुंतला'च्या पहिल्या रात्री चार अंकांवर पडदा टाकला होता, आणि प्रेक्षक उरलेल्या तीन अंकांची वाट पाहत राहिले. शिवाय सातला सुरू झालेल्या नाटकात मुले जागी असतात. आमच्या वेळी निम्मी मुले दुसऱ्या अंकालाच चटईवर झोपी जात, आणि घटोत्कचाच्या आरोळीने दचकून उठत.

आणखी एक प्रयोग एखाद्या देवस्थान समितीने करून पाहावा. एका तरी नाटकाला ध्वनिवर्धक लावूच नये. चौसोपी चौकात, दगडी भिंतींमध्ये, तयार गळ्याचा आवाज शेवटच्या खांबापर्यंत पोचतो. पूर्वी तो पोचतच होता. पुढच्या दोन रांगा मुलांसाठी राखाव्यात. आणि देवळाच्या कोठीत धूळ खात पडलेला ऑर्गन त्यासाठी आधी बाहेर काढावा लागेल. त्याचा भाता बहुधा उंदरांनी कुरतडलेला असेल, तेव्हा दुरुस्तीचे काम पावसाळ्यापूर्वीच हाती घेतलेले बरे.