पक्षाची थैली आणि दुसऱ्याचें पाप

मालवण तालुक्यांतील वराड हें गांव पूर्वीं कोंकणाबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. ज्या घराण्याचें तें मूळ गांव, त्यांतील लिओ वराडकर २०१७ सालीं आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्या घराघरांतून त्या देशाच्या राजकारणाविषयीं कुतूहल उत्पन्न झालें. तसें पाहिलें तर आयर्लंडची आपली ओळख याहून जुनी आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या होमरूल लीगचें नांवच मुळीं आयरिश चळवळीकडून आलेलें. परंतु त्या देशाच्या पार्लमेंटांतील वादविवाद वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. धर्म आणि भाषा यांवरील वादांची धार कालांतरानें बोथट झाली. पण कोणत्या पक्षाच्या थैलींत कोणाचे पैसे पडले, हा वाद शंभर वर्षें ताजाच राहिला आहे. त्यांत प्रत्येक पक्ष दुसऱ्यास दांभिक म्हणतो. आम्हांस नवल वाटलें तें याचें, कीं पुष्कळदां दोघांचेंही म्हणणें खरें असतें.

या वादाचें बीज स्वातंत्र्याच्या लढ्यांतच पडलें. डी व्हॅलेरा हे १९१९ सालीं अमेरिकेस गेले आणि अजून कोणी मान्यता न दिलेल्या प्रजासत्ताकाच्या नांवानें त्यांनीं पन्नास लाख डॉलरांहून अधिक कर्ज उभें केलें. दहा डॉलरांपासून रोखे होते. त्यामुळें गरिबांनाही ते घेतां आले. पुढें मायदेशीं यादवी माजली, पैसा कोणाचा यावर दावे लागले आणि १९२७ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें ठरविलें कीं शिल्लक रक्कम ज्याची त्यास परत करावी. तेव्हां डी व्हॅलेरा यांनीं रोखेवाल्यांस विनविलें कीं आपला हक्क आम्हांकडे सोंपवा, आम्ही राष्ट्रीय वर्तमानपत्र काढतों. १९३१ सालीं ‘आयरिश प्रेस’ निघालें आणि डी व्हॅलेरा यांच्या फिआना फॉइल पक्षाचा कैवार घेऊं लागलें. पुढच्याच वर्षीं तो पक्ष अधिकारावर आला आणि १९३३ सालीं त्यानें रोख्यांची फेड डॉलरामागें सव्वा डॉलर या हिशेबानें करण्याचा कायदा केला. ज्यांचे हक्क तुमच्या पत्राकडे आले आहेत त्यांचा पैसा जाणार कोठें, असें विरोधकांनीं विचारलें. आपण केवळ विश्वस्त आहों, असें डी व्हॅलेरा यांचें उत्तर. पण पत्राची सूत्रें त्यांच्याच हातीं होतीं, आणि तीं पुढें त्यांच्याच घराण्यांत राहिलीं. १९५८ च्या अखेरीस नोएल ब्राउन या सभासदानें हा प्रश्न पुन्हां पार्लमेंटांत आणला. बहुमताच्या बळावर त्याचा ठराव फेटाळला गेला.

डी व्हॅलेरा यांची राहणी तरी साधी होती. त्याच पक्षाचे पुढील पुढारी चार्ल्स हॉही यांची गोष्ट निराळी. पंतप्रधान होऊन महिना-दोन महिने होतात न होतात तोंच, जानेवारी १९८० मध्यें, त्यांनीं दूरचित्रवाणीवरून जनतेस सुनावलें कीं आपण सर्व ऐपतीबाहेर जगत आहों. त्या वेळीं ते स्वतः एका बॅंकेचें दहा लाख पौंडांच्या आसपास देणें लागत होते, आणि बॅंकेनें त्यांतील बरीच रक्कम सोडून दिली! डब्लिनजवळ प्रशस्त जुना वाडा, शर्यतीचे घोडे, पश्चिम समुद्रांत स्वतःचें बेट, पॅरिसहून शिवून आणलेले सदरे, असा त्यांचा थाट होता. हा सारा डोलारा धनिकांच्या गुप्त देणग्यांवर उभा होता, हें १९९७ व २००६ सालच्या चौकशी-अहवालांनीं उघड केलें. बेन डन या एकट्या व्यापाऱ्यानें तेरा लाख पौंड दिले होते. एकूण आंकडा नव्वद लाखांच्या वर गेला.

या प्रकरणांतील एक गोष्ट मात्र आम्हांस आंकड्यांहून अधिक लागली. १९८९ सालीं हॉहींचे जुने सहकारी ब्रायन लेनिहन यांना यकृत बदलण्याकरितां अमेरिकेस न्यावें लागलें. त्यांच्याकरितां निधि गोळा झाला. उपचारास लागला त्याच्या कितीतरी पट जमला. त्यांतील मोठा भाग हॉहींनीं आपल्या खर्चाकडे वळविला, असा आयोगानें निष्कर्ष काढला. आजाऱ्याच्या नांवानें आलेल्या पैशालाही जेथें हात लागतो, तेथें पक्षनिधीची काय कथा?

प्रतिपक्षास ही पर्वणीच वाटावी. परंतु फिने गेल पक्षाचे मंत्री मायकेल लाउरी यांच्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्याच बेन डननें सोसला होता, हें १९९६ सालींच बाहेर आलें होतें आणि त्यांस राजीनामा द्यावा लागला होता. पुढच्याच वर्षीं टिपेररींतील मतदारांनीं त्यांना अपक्ष म्हणून भरघोस मतांनीं निवडून दिलें. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, हा न्याय केवळ पुढारीच लावतात असें नव्हे; मतदारही लावतात. बर्टी आहर्न हे १९९७ पासून २००८ पर्यंत पंतप्रधान होते. हॉहींच्या काळीं पक्षनेत्याच्या खात्यावरील कोऱ्या चेकांवर आपण आगाऊ सह्या करून ठेवीत असूं, अशी कबुली त्यांनीं दिली होती. त्यांच्या स्वतःच्या खात्यांतील रकमांचा खुलासा २०१२ सालच्या आयोगानें सत्य मानला नाहीं. मात्र लांच घेतल्याचा ठपकाही ठेवला नाहीं. तरीही ते लागोपाठ तीन निवडणुका जिंकले होते.

मग या तंट्यांतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९९७ सालीं पक्षांना सरकारी अनुदान देण्याचा आणि देणग्यांचा हिशेब मागण्याचा कायदा झाला. २०१२ सालीं एका दात्यानें एका पक्षास वर्षाला २,५०० युरोंहून अधिक देऊं नये, अशी मर्यादा पडली. त्याच कायद्यांत आमच्या भगिनींस आवडेल असें एक कलम आहे. पक्षाच्या उमेदवारांत स्त्रिया व पुरुष प्रत्येकीं निदान तीस टक्के नसतील तर त्याचें निम्में अनुदान कापावें, असें तें कलम. २०२३ पासून हें प्रमाण चाळीस टक्के झालें आहे. ज्या थैलीवरून इतकें भांडण झालें, तिचीच दोरी ओढून स्त्रियांना राजकारणाचें दार उघडण्यांत आलें!

वाद अर्थात् थांबला नाहीं. सिन फेन पक्षास इंग्लंडांतील एका गृहस्थाच्या मृत्युपत्रान्वयें पंधरा लाख पौंडांहून अधिक मिळाल्याचें २०१९ सालीं कळलें. ही रक्कम पक्षानें उत्तर आयर्लंडांत स्वीकारली, कारण तेथें देणगीस अशी मर्यादा नाहीं. विरोधक यास पळवाट म्हणाले. पक्ष म्हणाला, सर्व कांहीं कायदेशीर आहे. जानेवारी २०२३ मध्यें फिने गेलचे मंत्री पास्कल डॉनहू यांच्यावर पाळी आली. २०१६ च्या निवडणुकींत त्यांचीं भित्तिपत्रकें लावण्यास एका उद्योजकानें मोटार व माणसें पुरविली होतीं, आणि ती मदत हिशेबांत दाखविलेली नव्हती. किंमत हजार-बाराशें युरो. डॉनहूंनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. पंतप्रधान वराडकर त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. सिन फेननें झोड उठविली. लगोलग सिन फेनच्या हिशेबांतील चुकाही दाखविण्यांत आल्या.

कोठें नव्वद लाख पौंड आणि कोठें हजार युरो! कित्येकांस हा पोरखेळ वाटला. आम्हांस त्यांत सुधारणेचें चिन्ह दिसतें. आरोप करणारा दांभिक असला म्हणून आरोप खोटा ठरत नाहीं. आणि एकमेकांच्या वहींत डोकावण्याच्या या खोडीनेंच तेथील वह्या उघड्या पडल्या. उणीव राहिली ती इतकीच, कीं आपल्या पक्षाची वही आपण होऊन कोणी तपासीत नाहीं. एकत्र कुटुंबांत काटकसरीचा उपदेश करणाऱ्या कर्त्या पुरुषानें जमाखर्चाची वही कुलुपांत ठेविली, तर धाकट्यांचा विश्वास फार दिवस टिकत नाहीं, हें आम्हां सर्वांच्या अनुभवाचें आहे. भावाच्या खर्चावर बोट ठेवण्यापूर्वीं आपलें पान उघडून दाखवावें, ही रीत घरांत जितकी अवघड, तितकीच पक्षांत अवघड आहे.