चालता चालता टिपलेले छायाचित्र

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढू लागते, तेव्हा तिच्यासमवेत चालणाऱ्या छायाचित्रकारास थांबण्याची मुभा फारशी नसते. मागून येणारी दिंडी त्याला पुढे रेटीत असते आणि वर दाटलेल्या मेघांनी प्रकाशही मंदावलेला असतो. अशा वेळी रेखीव चित्र साधणे हे हाताच्या स्थैर्यापेक्षा गतीच्या मर्मज्ञतेवर अधिक अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

चालताना माणसाचे मस्तक दर पावलागणिक चार-पाच सेंटिमीटर वरखाली होते, तथापि भोवतालचे जग डळमळताना दिसत नाही. कारण अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका मस्तकाच्या प्रत्येक वळणाची वर्दी देतात आणि सुमारे १० मिलिसेकंदांत नेत्रगोल उलट दिशेला फिरून त्या वळणाची वजावट करतात. कबुतर तर शरीर पुढे सरकत असता मान क्षणभर अवकाशात जागच्या जागी रोखते आणि मग एकदम पुढे घेते. कॅमेऱ्यात अशी तजवीज उपजत नाही. १९९५ साली कॅननने आणलेल्या ७५–३०० मिलिमीटरच्या भिंगापासून अदलाबदलीच्या भिंगांत ती होऊ लागली खरी, परंतु अशा बहुतेक भिंगांतील कंपनवेधकांना केवळ कॅमेऱ्याचे वळणे कळते, त्याचे सरळ रेषेत सरकणे कळत नाही.

आणि चालणाऱ्याची मुख्य अडचण तीच आहे. सेकंदाला १.४ मीटर वेगाने जाताना बाजूला दोन मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाकडे ५० मिलिमीटरचे भिंग रोखले, तर त्याची प्रतिमा फिल्मवर सेकंदाला ३५ मिलिमीटर धावते. म्हणजे १/५०० सेकंदातही ती ०.०७ मिलिमीटर फाकते, आणि शिरस्त्याने क्षम्य मानलेली हद्द आहे अवघी ०.०३ मिलिमीटर! ५० मिलिमीटरला १/५० सेकंद पुरे हा प्रसिद्ध नियम उभ्या माणसासाठी आहे; तो येथे नामंजूरच करावा लागतो. तोच माणूस दहा मीटरांवर असता, तर हा दोष ०.०१४ मिलिमीटरवर येऊन नाहीसाच झाला असता. उलटपक्षी, आपल्या शेजारून त्याच चालीने निघालेली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी स्त्री आपल्या दृष्टीने जवळजवळ स्थिरच असते. तिचा चेहरा स्वच्छ उमटतो, मागचा रस्ता तेवढा वाहतो, आणि त्या वाहण्यातच तिचे चालणे दिसते.

उरतो तो पावलाचा हेलकावा. टाच जमिनीवर आदळते तेव्हा धक्का सर्वांगातून वर चढतो. त्यानंतर देह एकाच पायावर येऊन सर्वोच्च बिंदूस पोहोचतो, तेथे त्याचा ऊर्ध्वगामी वेग निमिषमात्र शून्य होतो आणि धक्काही बव्हंशी ओसरलेला असतो. शटर दाबावयाचे ते याच क्षणी. गुडघे किंचित वाकवून चालल्यास धक्का मुळातच सौम्य होतो.

दाट ढगाळ उजेडात आयएसओ १६०० आणि एफ ८ छिद्र ठेवल्यास १/८०० सेकंदाचा काल मिळतो. २८ मिलिमीटरचे भिंग त्याच छिद्रावर ३.३ मीटरांवर स्थिर केले, तर सुमारे १.६५ मीटरांपासून क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते, आणि फोकस साधण्याची दिरंगाईही टळते. इतक्या संवेदनशीलतेत चित्र किंचित रवाळ होते. पण त्या रव्यांतूनही वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का ओळखू येतो, आणि मी तो मोबदला आनंदाने देईन.