गणपतीआधीचा शनिवार टॅटूसाठी नको

गणपती दोन आठवड्यांवर आले की लालबाग, परळ, दादरच्या टॅटू स्टुडिओंत फोन वाजू लागतात. दंडावर बाप्पा, मनगटावर ओंकार, पोटरीवर ‘मोरया’. ‘चतुर्थीच्या आधीचा शनिवार मिळेल का?’ हा प्रश्न ठरलेला. सणाला नवे कपडे, तसा नवा टॅटू. हौस समजण्यासारखी आहे. पण जखम भरण्याच्या हिशेबाने वर्षातला सर्वांत गैरसोयीचा शनिवार शोधायचा तर तो हाच निघेल.

जखम हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याला टॅटू म्हणजे चित्र वाटते. त्वचेसाठी ती आधी जखम असते. मशीनची सुई मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा आत-बाहेर करते आणि शाई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, म्हणजे वरच्या थराखालच्या अंतस्त्वचेत सोडते. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, त्यामुळे तिथे ठेवलेली शाई टिकली नसती. खालच्या थरात शाईचे कण पोहोचले की शरीर त्यांना घुसखोर समजते. भक्षक पेशी धावून येतात, कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि पोटात शाई घेऊन तिथेच बसून राहतात. या पेशीही यथावकाश मरतात. मग शाई जात का नाही? मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून याचे उत्तर दिले: मेलेल्या पेशीतून सुटलेली शाई तिच्या जागी आलेली नवी पेशी गिळते. आजीच्या कपाळावरचे हिरवट गोंदण साठ वर्षांनीही दिसते, ते या अशा हस्तांतरामुळे.

वरची जखम भरायला मात्र ठरावीक वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, सुजलेली असते आणि तीतून पाण्यासारखा स्राव येतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खपली धरते, खाज सुटते, पापुद्रे निघतात. वरचा थर पुरता जुळायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आतली दुरुस्ती पुढे दोन-तीन महिने चालू असते.

आता हा हिशेब गणेशोत्सवाला लावून पाहा. शनिवारी टॅटू काढला, की खपली धरण्याचे दिवस बरोबर उत्सवात येतात. परळच्या कार्यशाळेतून मूर्ती आणायची म्हणजे तासन् तास घाम, धक्के आणि गुलाल. ढोल पथकात असाल तर ढोलाचा पट्टा नेमका खांद्यावर किंवा कमरेवर घासणार. त्यावर पाऊस. आणि शेवटी दहाव्या दिवशी गिरगाव चौपाटीवर छातीभर पाण्यात.

त्या पाण्याबद्दल एक नोंद सांगण्यासारखी आहे. २०१७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ३१ वर्षांच्या माणसाची केस प्रसिद्ध झाली. पोटरीवर टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी तो मेक्सिकोच्या आखातात पोहला. समुद्राच्या कोमट पाण्यात राहणारा व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू जखमेतून शिरला आणि साधारण दोन महिन्यांनी तो माणूस दगावला. दारूमुळे त्याचे यकृत आधीच खराब होते, आणि अशा लोकांना हा जिवाणू फार जड जातो. म्हणजे चौपाटीवर उतरणाऱ्या प्रत्येकाला हे होईल असे मुळीच नाही. पण विसर्जनाच्या रात्रीचे चौपाटीचे पाणी उघड्या जखमेवर घ्यावे, असे कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही.

समुद्रापेक्षाही मला काळजी वाटते ती हिंदमाताच्या पाण्याची. भूमिगत टाक्या बांधल्यापासून तिथले पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते, पण जोराच्या पावसात परळ-दादरच्या माणसाला घोटाभर पाण्यातून जावे लागतेच. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने या रोगाची मोठी साथ पाहिली आहे. हा जंतू शिरतो जखमेतून, खरचटलेल्या कातडीतून. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांची जोखीम ठरवताना महापालिकेचा आरोग्य विभाग पायावर जखम होती का, हे विचारतो. जखम असेल तर जोखीम वरच्या गटात जाते. घोट्यावरचा आठ दिवसांचा टॅटू ही जखमच आहे. असे पाणी लागलेच, तर ७२ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जाऊन टॅटू दाखवा आणि प्रतिबंधक गोळ्या किती घ्यायच्या ते विचारा. मेडिकलमधून मनानेच आणू नका.

मग काढायचा कधी? या शहरात दिवाळीनंतर. मुंबईत थंडी म्हणावी अशी थंडी पडत नाही, पण घाम कमी येतो, रस्ते कोरडे असतात, पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट घालून वावरता येते. बाप्पाच हवा असेल तर माघी गणपती आहेच; डिसेंबरच्या सुरुवातीला काढलेला टॅटू गणेश जयंतीपर्यंत नीट भरलेला असतो. वारही विचार करून घ्या. हातावर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला गर्दीची लोकल पकडायची असेल, तर तो हात लोकांच्या पाठींवर आणि बॅगांवर घासणार. पुढचे दोन दिवस घरी राहता येईल असा वार निवडा.

तारीख ठरवण्याआधी, टोकनचे पैसे देण्याआधी, एकदा नुसते स्टुडिओत जाऊन या. भिंतीवरची चित्रे फोनवर बघता येतात. बघायला जायचे ते वॉश बेसिन, कचऱ्याचा डबा आणि सुयांचा खोका. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली, मुदतीची तारीख छापलेली आणि तुमच्यासमोर उघडलेली असावी. जे भाग पुन्हा वापरले जातात त्यांना ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ, पंधरा-वीस मिनिटे. ‘आम्ही उकळत्या पाण्यात टाकतो’ किंवा ‘स्पिरिटने पुसतो’ हे उत्तर आले तर नमस्कार करून बाहेर पडावे. जत्रेत बॅटरीवरच्या मशीनने रांगेतल्या सगळ्यांना एकाच सुईने गोंदतात, तिथे थांबण्याचा तर प्रश्नच नाही. हेपटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. हेपटायटिस सी आणि एचआयव्हीची भीतीही अशाच सुईची आहे.

एवढ्याशा निष्काळजीपणाने काय होते, ते परळला सांगायला नको. इथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती. तीच आजची हाफकिन संस्था. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी परळच्या लशीने १०७ जणांना टोचले गेले. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली म्हणून ते निर्दोष ठरले. टॅटू आर्टिस्टच्या हातातून काही खाली पडले, किंवा ग्लव्हज घातलेल्या हाताने त्याने मोबाइल उचलला, तर ‘बदला’ असे स्पष्ट सांगा. त्यात संकोच कसला?

शाईकडे लोकांचे लक्ष कमी जाते. आईचा चेहरा, शिवाजी महाराज, पाळलेला कुत्रा अशा चित्रांत करड्या छटा लागतात आणि त्यासाठी काळी शाई पातळ करतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११-१२ मध्ये १९ जणांच्या टॅटूवर पुरळ आणि गाठी उठल्या. कारण होते क्षयरोगाच्या जंतूच्या भावकीतला, पाण्यात आढळणारा एक जिवाणू, आणि तो होता आधीच पातळ करून आलेल्या करड्या शाईत. म्हणून पातळ कशाने करता, हे विचाराच. नळाचे किंवा बिसलेरीचे पाणी हे उत्तर चालणार नाही, निर्जंतुक पाणीच हवे. रंगांत ॲलर्जीच्या तक्रारी सर्वाधिक लाल रंगाच्या असतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणली आहे. त्यामुळे बाटलीवर त्या नियमांचा उल्लेख, बॅच क्रमांक आणि मुदत आहे का, ते बघा. कर्करोगाबद्दलही विचारणा होते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात टॅटू असणाऱ्यांत लिम्फोमाची जोखीम २१ टक्के जास्त आढळली. पण टॅटू जितका मोठा तितकी जोखीम मोठी, असे दिसले नाही. म्हणजे टॅटूमुळेच हे होते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता स्वतःच्या शरीराची तयारी. हेपटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ मध्ये आली, म्हणजे आज विशी-तिशीत असलेल्या बऱ्याच जणांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. दिवाळीनंतर टॅटू काढायचा असेल तर पहिला डोस उन्हाळ्यातच घ्यायला हवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षे झाली असतील तर तेही घ्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात येईपर्यंत थांबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टॅटूसाठी ती आपल्या मनाने बंद करणे टॅटूपेक्षा धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना विचारा. जुन्या जखमेवर किंवा कान टोचल्यावर जाड व्रण वाढला असेल, तर छाती आणि खांदा टाळा, तिथे केलॉइड लवकर धरतो. सोरायसिस किंवा कोड असणाऱ्यांना सुई टोचलेल्या जागीच नवा चट्टा उठू शकतो. तिळावर गोंदवू नका. त्यात पुढे बदल झाला तर दिसणार नाही.

गिरणगावातल्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही खरोखर महाग पडू शकते. लष्कर भरतीत कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो; आदिवासी परंपरेच्या गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सलामीच्या उजव्या हातावर तो चालत नाही आणि डावीकडेही आकाराची मर्यादा आहे. मैदान मारून, लेखी परीक्षा पास होऊन वैद्यकीय तपासणीत मानेवरच्या टॅटूमुळे बाहेर पडायचे नसेल, तर बुकिंगआधी भरतीची जाहिरात वाचा.

मंडळाच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी जाणाऱ्यांनी आधी रक्त द्यावे आणि टॅटू महिन्याभराने काढावा. उलट केले तर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

बुक करताना आर्टिस्टला एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: ताप आला किंवा त्या जागी पुरळ उठले तर टोकन पुढच्या तारखेला धरणार का? टोकन बुडू नये म्हणून तापात जाऊन बसणारे लोक असतात. त्या दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री नीट झोपा, दारू घेऊ नका. बधिर करणारे क्रीम स्वतः विकत घेऊन जाड थर लावून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे. त्यातले लिडोकेन रक्तात जास्त गेले तर फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये याच कारणासाठी अशा क्रीमविरुद्ध लोकांना सावध केले. आणि स्टेन्सिल उमटल्यावर मोठ्याने वाचा. आर्टिस्टला मराठी येत असेलच असे नाही. ‘आशीर्वाद’मधल्या शीची वेलांटी कातडीवर सुधारायला लेझरची अनेक सत्रे लागतात.

घरी आल्यावर साध्या सौम्य साबणाने धुणे, टिपून कोरडे करणे आणि सांगितलेल्या मलमाचा पातळ थर, एवढे पुरते. हळद, कोलगेट, खोबरेल यांतले काही नको. खपली काढू नका. लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. वरची कातडी भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करड्या भागात बारीक गाठी आल्या, तर स्टुडिओत दाखवण्यात वेळ न घालवता केईएम, नायर किंवा सायनच्या त्वचारोग ओपीडीत जा आणि टॅटू कोणत्या तारखेला काढला ते सांगा. शाईच्या बाटलीवरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही दाखवा. कोणती शाई, कोणती बॅच, हे त्यांना त्यातून लगेच कळते.