विश्लेषण : महाविद्यालयाचे क्रीडा शिक्षक ते ‘झोपडपट्टी फुटबॉल’… विजय बारसे यांची वाटचाल चंद्रपूर-गडचिरोलीला काय सांगते?

महाविद्यालयाचा संघ जिंकला की करंडक कर्णधाराच्या हातात जातो आणि अभिनंदन प्राचार्यांचे होते. रोज पहाटे मुलांना मैदानावर गोळा करणारा शिक्षक छायाचित्राच्या एका कडेला उभा असतो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अनेक वर्षे क्रीडा शिक्षक राहिलेले विजय बारसे यांची ओळखही कदाचित तेवढीच राहिली असती. पण नोकरीच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्या कामाची दखल जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने घेतली आणि त्यावर ‘झुंड’ हा हिंदी चित्रपटही आला. ही गोष्ट नागपूरची आहे. मात्र खेळणारी मुले भरपूर आणि त्यांच्या मागे उभा राहणारा माणूस दुर्मीळ, अशी स्थिती असलेल्या कोणत्याही भागाला तिच्यातून शिकण्यासारखे आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी तर ती अधिकच महत्त्वाची ठरते.

महाविद्यालयाच्या संघाचा प्रशिक्षक कोण असतो?

आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत फुटबॉलसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नसतो. शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असते. मुले त्यांना ‘क्रीडा शिक्षक’ किंवा नुसते ‘सर’ म्हणतात. फुटबॉल, कबड्डी, व्हॉलीबॉल, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स अशा सगळ्याच खेळांचे संघ त्यांना उभे करावे लागतात. प्रवेशिका भरणे, ओळखपत्रे तयार करणे, प्रवासभत्त्याची बिले मंजूर करून घेणे, जखमी मुलाला दवाखान्यात नेणे हेही त्यांच्याच वाट्याला येते.

खेळाडूच्या निवडीचा मार्ग ठरलेला असतो. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते. त्यातून निवडलेल्या मुलांचे शिबिर होते आणि विद्यापीठाचा संघ ठरतो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या विद्यार्थ्याला विदर्भात ‘कलर होल्डर’ म्हणतात. संघाबरोबर जाणारे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक हे बहुधा कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालकच असतात. म्हणजे एकच व्यक्ती आपल्या महाविद्यालयात मुख्य प्रशिक्षक असते आणि विद्यापीठाच्या संघाबरोबर कधी सहायक, तर कधी व्यवस्थापक असते.

सहायक प्रशिक्षकाची भूमिका इतकी महत्त्वाची का?

मुख्य प्रशिक्षक डावपेच ठरवतो, तर सहायक ते खेळाडूंच्या अंगवळणी पाडतो. सरावाआधी शंकू मांडणे, बचावफळीची वेगळी तयारी करून घेणे, राखीव खेळाडूंचे मन राखणे ही कामे त्याची असतात. कोण रुसला आहे, कोणाच्या घरी अडचण आहे, हेही त्यालाच आधी कळते.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा वेगळाच खेळ. तिथे सहायक प्रशिक्षक हा पूर्ण वेळचा पेशा आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे बड फॉस्टर १९८७ ते २०१९ या काळात त्याच संघाबरोबर सहायक म्हणून राहिले. १९९५ पासून संघाच्या बचावाची सूत्रे त्यांच्याकडे होती. त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद कधीच सांभाळले नाही. तरीही उत्कृष्ट सहायक प्रशिक्षकासाठी दिला जाणारा ‘ब्रॉइल्स’ पुरस्कार २००६ मध्ये त्यांना मिळाला. दुसऱ्या क्रमांकाच्या कामासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवावा, एवढे महत्त्व तिथे या कामाला आहे.

भारतीय फुटबॉलमधले अलीकडचे उदाहरण गोव्याच्या महेश गवळी यांचे. भारताचे हे माजी बचावपटू नंतर राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये बंगळूरुला झालेल्या सॅफ अजिंक्यपद स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगॉर स्टिमाच यांच्यावर बंदी आली. त्यामुळे लेबननविरुद्धचा उपांत्य सामना आणि ४ जुलै रोजी कुवेतविरुद्ध झालेली अंतिम लढत यांत संघाच्या बाकावर जबाबदारी गवळी यांच्याकडे होती. दोन्ही सामने पेनल्टी शूटआऊटपर्यंत गेले आणि दोन्ही भारताने जिंकले. सहायक किती तयार आहे, हे अशा वेळी कळते.

विजय बारसे यांनी नेमके काय केले?

हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले. नागपूर परिसर आणि जवळचे कामठी हा फुटबॉलचा जुना पट्टा. तिथल्या मोहल्ल्यांत आणि क्लबांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. बारसे या वातावरणात क्रीडा शिक्षक म्हणून काम करत होते. बारसे यांनी अनेकदा सांगितलेला प्रसंग २००१ च्या सुमारासचा आहे. पावसात काही मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसे यांनी त्यांना फुटबॉल दिला. मुले खेळात रमली आहेत तोपर्यंत ती व्यसनापासून आणि भांडणांपासून लांब राहतात, हे त्यांच्या लक्षात आले.

पुढे त्यांनी केवळ झोपडपट्ट्यांतल्या संघांसाठी स्पर्धा घेतली. तिला शंभराहून अधिक संघ आले. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव तिथूनच रूढ झाले. क्रीडा विकास संस्था, नागपूर या संस्थेमार्फत काम वाढत गेले आणि बाहेरच्या जगात ते ‘स्लम सॉकर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे शहराबाहेर जागा घेण्यासाठी वापरल्याचे बारसे यांनी मुलाखतींत सांगितले आहे. अमेरिकेत असलेले त्यांचे पुत्र अभिजित बारसे परत आले आणि त्यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

२०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून हे काम देशभर पोहोचले. २०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ प्रदर्शित झाला. त्यात बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.

खेळाडूंमधून प्रशिक्षक कसे तयार झाले?

या कामाचा गाभा इथे आहे. ‘स्लम सॉकर’ बेघर आणि वंचित खेळाडूंच्या ‘होमलेस वर्ल्ड कप’ या स्पर्धेत भारताचा संघ पाठवते. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात ही स्पर्धा सुरू झाली. मैदान फक्त २२ बाय १६ मीटरचे, एका संघाचे चार खेळाडू मैदानात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव, असे तिचे स्वरूप आहे. या स्पर्धेचा एक नियम वेगळा आहे. खेळाडूला आयुष्यात साधारण एकदाच तिच्यात उतरता येते.

मग परत आल्यावर त्याने काय करायचे? नागपुरात या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. जाऊन आलेली मुले आपल्याच वस्तीत लहान मुलांना शिकवू लागली. २०१० मध्ये रिओ दि जानेरो येथील स्पर्धेत भारताचे नेतृत्व करणारे अखिलेश पॉल पुढे प्रशिक्षक झाले. संस्थेचे अनेक प्रशिक्षक असेच पूर्वी त्याच मैदानावर खेळलेले आहेत. मुलींसाठी वेगळे उपक्रम सुरू झाले. फुटबॉलच्या खेळांमधून गणित, इंग्रजी आणि आरोग्याचे धडे देण्याची ‘एज्युकिक’ ही पद्धतही तयार झाली.

क्रीडा शिक्षकाने किती करंडक आणले, हे निवृत्तीच्या दिवशी मोजता येते. त्याच्यामागे किती प्रशिक्षक उभे राहिले, हे मात्र १० वर्षांनी कळते. बारसे यांच्या कामाचे मोल या दुसऱ्या मोजमापात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत अडचण काय आहे?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. सिरोंचापासून जिल्ह्याचे मुख्यालय २०० किलोमीटरहून लांब आहे. जिल्ह्याच्या संघासाठी निवड चाचणी असेल तर तिथल्या खेळाडूचा जाण्यायेण्यातच एकेक दिवस जातो. सोबत जाणारा शिक्षक नसेल, तर घरचे लोक मुलीला पाठवतच नाहीत.

दुसरी अडचण पावसाची आहे. शालेय फुटबॉलमधली सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे १९६० पासून होणारा सुब्रतो करंडक. त्याच्या तालुका, जिल्हा आणि विभागीय फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. संघ तयार असूनही वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते. पोहोचलाच, तर नागपूर विभागात गाठ नागपूर-कामठीच्या कसलेल्या संघांशी पडते.

विद्यापीठाच्या पातळीवर २०११ मध्ये मोठा बदल झाला. तोपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. अहेरी किंवा राजुऱ्याच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर नागपूरच्या क्लबांतून खेळलेल्या मुलांशी स्पर्धा करावी लागे. त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले आणि इथल्या मुलांसाठी संघाचे दार जवळ आले. पण दार जवळ येणे आणि तिथपर्यंत तयारीने पोहोचणे यांत फरक आहे. शहरातला मुलगा आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबमध्ये शिकतो. जंगलपट्ट्यातल्या अनेक मुलांना शास्त्रशुद्ध सराव पहिल्यांदा महाविद्यालयात मिळतो. पहिल्या वर्षी चेंडू थांबवण्यापासून सुरुवात करावी लागली, तर तिसऱ्या वर्षापर्यंत हाती फारसा वेळ उरत नाही.

इथे पणाला काय लागले आहे?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी त्यासाठी धरायची, हे शासन निर्णयात ठरवलेले असते. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. म्हणजे वेळेवर भरलेली एक प्रवेशिका आणि नीट सांभाळलेले एक प्रमाणपत्र मुलाचा पुढचा मार्ग बदलू शकते. ही माहिती घरात नसते. ती देणारा माणूस क्रीडा शिक्षकच असतो. तो नसेल, तर मुलगा चांगला खेळूनही कागदावर खेळाडू ठरत नाही.

नागपूरची पद्धत इथे चालेल का?

जशीच्या तशी नाही. नागपुरात वस्त्या एकमेकींना लागून आहेत. एक प्रशिक्षक सायकलवरून दोन-तीन मैदाने गाठू शकतो. एटापल्ली किंवा कोरचीच्या भागात दोन गावांमध्येच काही किलोमीटरचे जंगल असते. शिवाय इथे संध्याकाळचा खेळ म्हणजे मुख्यतः कबड्डी आणि व्हॉलीबॉल. गडचिरोली पोलीसही वीर बाबुराव शेडमाके कबड्डी आणि बिरसा मुंडा व्हॉलीबॉल स्पर्धा घेतात. फुटबॉलला या खेळांच्या शेजारी जागा करून घ्यावी लागेल.

तरीही तीन गोष्टी उचलता येतील. पहिली, लहान मैदान. पूर्ण मैदानाला साधारण १०५ बाय ६८ मीटर जागा लागते. चार-चार जणांचा खेळ आश्रमशाळेच्या अंगणात किंवा धान कापणी झालेल्या बांधीतही होतो. दुसरी, सुटीतला सराव. महाविद्यालयात शिकणारी मुले दिवाळीत आणि उन्हाळ्यात गावी परततात. त्यांच्याकडे दोन चेंडू आणि सरावाचा साधा आराखडा दिला, तर गावाला सहायक प्रशिक्षक मिळतो. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या लहान मुलांना सूचना त्यांच्या भाषेत मिळतात, हा आणखी एक फायदा. तिसरी, परवाना. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांची चढण ‘डी’पासून सुरू होते आणि ‘सी’, ‘बी’, ‘ए’वरून ‘प्रो’पर्यंत जाते. कलर होल्डर विद्यार्थ्याने पदवीबरोबर पहिला टप्पा पूर्ण केला, तर खेळ संपल्यावरही त्याच्या हाती काम राहते.

पुढची दिशा कोणती?

मैदाने बांधणे आवश्यक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ विसापूर येथे मोठे क्रीडा संकुल उभे राहिले आहे. मात्र संकुल मुलांपर्यंत चालत जात नाही. ते काम माणसालाच करावे लागते. हिस्लॉपमधल्या एका शिक्षकाने सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे संकुल नव्हते, एक चेंडू होता आणि महाविद्यालयात मुलांना शिकवण्याचा दीर्घ अनुभव होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत असा अनुभव असलेले शिक्षक दरवर्षी निवृत्त होतात. निवृत्त होण्याआधी त्यांच्या हाताखाली दोन तरी सहायक तयार झाले, तर पुढच्या हंगामातला संघ पुन्हा शून्यापासून बांधावा लागणार नाही.