हमीची तारीख

बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत विजेचे उपकरण घेताना आपण हमीची मुदत विचारतो. संगणकाच्या कार्यप्रणालीलाही मुदत असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यंत्र दुसऱ्या दिवशीही चालले. पण ज्यांनी मुदतवाढ घेतली नाही, त्यांच्या यंत्रातील नवी छिद्रे बुजेनाशी झाली, आणि चोर तीच हुडकीत असतो. ‘विंडोज ११’ अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. मग ती भंगारात घालावीत काय? मुळीच नाही. लिनक्सची आज्ञावली सर्वांना खुली असल्याने एकाने हात काढला तरी दुसरा जाणकार दुरुस्ती करू शकतो. सी-डॅकची ‘बॉस’ त्याच कुळातली. मुदत तिथेही असतेच. तेव्हा किंमतीबरोबर आपण तारीखही विचारावी.