जुन्या जपानी दुर्बिणींची ओळख व कालनिश्चिती

वारशाने आलेली जपानी बनावटीची द्विनेत्री दुर्बीण कोणी व केव्हा तयार केली, हे तिच्यावरील खुणा, भिंगांवरील लेप आणि बांधणी यांवरून ठरवता येते. नागपूर व विदर्भातील काही घरांत सैन्यसेवा, वनखात्यातील नोकरी, शिकार किंवा पक्षिनिरीक्षण यांच्या निमित्ताने आलेल्या अशा दुर्बिणी जपलेल्या असतात. त्यांच्याबरोबर 'आजोबांनी युद्धातून आणली' अशी एखादी आठवणही चालत आलेली असते. ती दरवेळी खरी ठरत नाही.

नाव आणि निर्माता

वरच्या पट्टीवर कोरलेले नाव बहुधा निर्मात्याचे नसून विक्रेत्याचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या इताबाशी भागात आणि आसपास अनेक लहान कारखाने दुर्बिणी जुळवत. परदेशी आयातदार त्यांवर आपापली नावे घालून त्या विकत. अमेरिकेतील बुशनेल (स्थापना १९४८) हे अशा आयातदारांपैकी एक. एकाच कारखान्याची दुर्बीण त्यामुळे अनेक नावांनी आढळते, तर एकाच नावाखाली अनेक कारखान्यांचा माल आढळतो. निप्पॉन कोगाकु (स्थापना १९१७, आजची निकॉन) आणि टोकियो कोगाकु (स्थापना १९३२, आजची टॉपकॉन) यांसारख्या मोठ्या कंपन्या मात्र स्वतःची मुद्रा वापरत.

खऱ्या निर्मात्याचा माग 'जेबी' या रोमन अक्षरांपुढील क्रमांकावरून लागतो. निर्यातीसाठी नोंदवलेल्या कारखान्यांना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून असे क्रमांक मिळाले. उदाहरणार्थ, ५६ हा क्रमांक कामाकुरा कोकी या कंपनीचा. ही खूण अत्यंत बारीक असते. दोन नळ्या जोडणाऱ्या बिजागरीच्या पुढच्या टोकावर, मोठ्या भिंगांच्या बाजूस, ती भिंगाखाली शोधावी. काही दुर्बिणींवर 'जेई' क्रमांकही असतो. त्याची क्रमवारी वेगळी असल्याने तो जेबीच्या यादीत पाहिल्यास भलताच कारखाना हाती लागतो.

कालनिश्चिती

'मेड इन ऑक्युपाइड जपान' ही अक्षरे असल्यास प्रश्न जवळजवळ सुटतो. दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातील जपानमधून निर्यात होणाऱ्या मालावर ती १९४७ ते १९५२ या काळात घातली जात. कारखान्याच्या मुद्रेजवळ नांगराचे चिन्ह असल्यास दुर्बीण जपानी नौदलाची, म्हणजे १९४५ पर्यंतची असण्याचा संभव मोठा असतो. 'पास्ड' असे छापलेली लंबगोल चिकटपट्टी निर्यात तपासणीची आहे आणि ती युद्धोत्तर मालावर आढळते.

ट्यूबलाइटचे प्रतिबिंब भिंगात पाहणे ही सोपी कसोटी आहे. प्रतिबिंब पांढरे दिसले तर भिंगावर लेप नाही, आणि अशी दुर्बीण बहुधा युद्धपूर्व किंवा युद्धकालीन असते. निळसर वा जांभळट छटा एकपदरी लेपाची. हिरवट किंवा अनेकरंगी छटा बहुपदरी लेपाची असून ती १९७० च्या दशकापूर्वीच्या दुर्बिणींत सहसा दिसत नाही. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे निर्मितीचे वर्ष, असा समज रूढ आहे. सर्व कारखान्यांची क्रमांक देण्याची पद्धत एक नव्हती, म्हणून केवळ त्यावर विसंबणे योग्य नाही.

घरातील आठवण तपासताना या खुणा उपयोगी पडतात. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १९४६-४७ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुल सेनेचा भाग म्हणून जपानमध्ये होती. तिच्यातील एखाद्या सैनिकाने दुर्बीण आणली असणे सहज शक्य आहे. पण त्या दुर्बिणीवर जेबी क्रमांक असेल तर ती त्यानंतर किमान दहा वर्षांनी बनलेली असणार. आजोबा जपानला गेले होते आणि दुर्बीणही जपानी आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांचा परस्परसंबंध नसू शकतो.

हाताळणी

ओळख पटेपर्यंत दुर्बीण उघडू नये आणि पुसूही नये. स्पिरिटने चिकटपट्टी निघून जाते. दुरुस्तीत बिजागरीची टोपी बदलली गेली की तिच्यावरील क्रमांकही जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात जुने वंगण सुकून चक्र घट्ट झालेले असते, तर पावसाळ्यात आतल्या लोलकांवर बुरशी धरते. बुरशी काढणे जाणकाराचे काम आहे, कारण लोलक किंचित सरकले तरी दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसू लागतात. त्याच्याकडे देण्यापूर्वी सर्व खुणांची जवळून छायाचित्रे घ्यावीत.